मुलाचं वजन, घराचा उंबरठा आणि सरकार

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाची शाळेत उंची-वजनाची तपासणी झाली, ‘वजन वयाच्या मानाने जास्त’ अशी चिठ्ठी घरी आली आणि त्यावरून घरात जुंपली, असं तुम्ही लिहिलंय. तुमचं म्हणणं, मूल काय खातं ते आईवडील बघतील, सरकारने आमच्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नये. आणि जे पालक लक्षच देत नाहीत त्यांना खुशाल दंड करावा. वहिनींचं म्हणणं, शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर गोड पेयं आणि रंगीत पाकिटं नाचत असतात, तिथे मी एकटी कुठे कुठे पुरी पडणार? दोघांपैकी बरोबर कोण, असं मला विचारलंय.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वीसेक वर्षं मुलांच्या वाढीची आणि वजनाची वेगळी ओपीडी बघतो. सरळ सांगतो: वाद वहिनींनी जिंकलाय, पण त्यामुळे तुमच्या दोघांचं घरातलं काम रतीभरही कमी होत नाही.

आधी दंडाचं बघू. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या पोर्तो रिको बेटावर २०१५ साली असं विधेयक खरोखर मांडलं गेलं होतं. शाळेने मुलाला लठ्ठ ठरवलं आणि ठरावीक मुदतीत फरक दिसला नाही, तर पालकांना ८०० डॉलरपर्यंत दंड. भरपूर टीका झाली आणि ते बारगळलं. बरं झालं, असं मी म्हणतो ते पालकांची दया येऊन नव्हे. ज्या आईला आपण गुन्हेगार आहोत असं वाटतं, ती पुढच्या तारखेला येत नाही. मूल दुसऱ्यांदा यावं यातच माझी निम्मी शक्ती जाते. दंड लागणार म्हटलं तर ते पहिल्यांदासुद्धा यायचं नाही.

शिवाय दोष कोणाचा हे बाहेरून बघून कसं ठरवणार? केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ साली एकाच कुटुंबातल्या दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. तिचा नात्यातला भाऊ दोन वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांचं जन्माच्या वेळचं वजन सर्वसाधारण होतं, पण नंतर भूक काही केल्या शमेना. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करतात. ‘साठा पुरेसा आहे, आता थांब’ हा निरोप ते मेंदूला पोचवतं. या दोघांच्या शरीरात एका जनुकातल्या बिघाडामुळे ते बनतच नव्हतं. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि वर्षभरात तिचं वजन १६ किलोंनी उतरलं. निदान होण्याआधी त्या आईबापांकडे बघून लोक काय काय बोलले असतील, याची कल्पना मी करू शकतो. माझ्या ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेले लोक काय बोलतात ते मी ऐकतो.

हा आजार अतिशय दुर्मीळ आहे. तुमच्या मुलाला तो असण्याची शक्यता नगण्य, तेव्हा ‘आमच्याकडे आनुवंशिक आहे’ म्हणून हात झटकायला तो वापरू नका. साध्या लठ्ठपणातही आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, जुळ्यांच्या अभ्यासांतून ते पुन्हापुन्हा दिसलंय. पण जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार ५ ते १९ वयोगटातल्या लठ्ठ मुलांचं प्रमाण १९९० साली २ टक्के होतं, २०२२ साली ते ८ टक्के झालं. म्हणजे १६ कोटी मुलं. बत्तीस वर्षांत जगभरच्या आयांची माया किंवा वडिलांची शिस्त चौपटीने बिघडली, यावर माझा विश्वास नाही. बदललं ते मुलांच्या भोवतालचं.

नेमकं काय बदललं, यावर २०१९ साली अमेरिकेत केविन हॉल यांच्या गटाने एक फार साधा प्रयोग केला. वीस प्रौढ माणसं महिनाभर संशोधन संस्थेतच ठेवली. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्ही वेळा ताटात ठेवलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, चरबी, मीठ, चोथा जवळपास सारखे, आणि खा हवं तितकं. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. ही मोठी, शहाणी माणसं होती, आणि आपल्यावर नजर आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग नऊ वर्षांच्या पोराकडून आपण कुठल्या संयमाची अपेक्षा करतो?

तरीही घराबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण सरकार बदलेल तेव्हा बदलेल. तुमचा मुलगा आज नऊ वर्षांचा आहे.

ओपीडीत नेहमी दिसणारं दृश्य सांगतो. मूल आत येतं ते शर्ट पोटापासून पुढे ओढत. खुर्चीच्या कडेला बसतं. वडील बसायच्या आधीच म्हणतात, “डॉक्टर, जरा तुम्हीच सांगा याला, आमचं ऐकत नाही.” आई म्हणते, “तसा फार खात नाही हो.” आणि मूल माझ्या टेबलाच्या पायाकडे बघत राहतं. त्याला ठाऊक असतं की पुढची पंधरा मिनिटं आपल्याबद्दल बोललं जाणार, आपल्याशी नाही. मी वजन घेताना मुलाला काट्याकडे पाठ करून उभं करतो आणि आकडा मोठ्याने उच्चारत नाही. नर्सनाही तेच सांगून ठेवलंय. वर्गात ज्याला टोपणनाव पडलंय, त्याला इथे आणखी एक आकडा चिकटवायची गरज नसते.

मग मी तक्ता काढतो, आणि इथे बहुतेक पालक पहिल्यांदा गप्प होतात. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मुलांत तो आकडा वय आणि लिंग बघूनच वाचायचा असतो, हे माहीत नसतं. प्रौढाचा बीएमआय १८ म्हणजे माणूस बारीकच. नऊ वर्षांच्या मुलाचा मात्र १८ च्या पुढे गेला की जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार वजन जास्त, आणि साधारण २०.५ च्या पुढे लठ्ठपणा. म्हणून मोबाइलवरचं मोठ्यांचं गणकयंत्र वापरून ‘एकोणीसच तर आहे, उत्तम’ असं ठरवू नका.

दुसरी गोष्ट तक्त्यावर वर्षावर्षाचे बीएमआय जोडून जी रेष निघते, तिच्या आकाराची. पहिल्या वर्षात बाळ गुटगुटीत होतं, बीएमआय चढतो. मग मूल चालायला लागतं, उंच होतं, बाळसं उतरतं, आणि पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास बीएमआय सगळ्यात खाली येतो. तिथून पुन्हा चढ. पाच वर्षांचं मूल बरगड्या दिसण्याइतकं बारीक असणं बहुतेक वेळा निरोगीच असतं, आणि नेमकं तेव्हाच घरातली सगळी जण ते ‘सुकलं’ म्हणून भरवायला लागतात. ज्याचा बीएमआय तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पुन्हा चढायला लागला, त्या मुलाची मला काळजी वाटते. आजी त्यालाच म्हणत असते, आता कसा अंगाने भरलाय. पालकांना स्वतःच्या मुलाचं वजन दिसत नाही हे मी टोमणा म्हणून सांगत नाही; वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत, ज्यांचं मूल जाड आहे असे जवळपास निम्मे पालक ‘आमचं मूल ठीक आहे’ असंच सांगतात. वर्गातली बाकीची मुलंही तशीच असली, की डोळ्यांचं मापच बदलतं.

शाळेच्या चिठ्ठीवर तुम्ही चिडलात, तो राग थोडा बाजूला ठेवा. चिठ्ठीने निदान विषय तरी निघाला. पण चिठ्ठीकडून फार आशाही ठेवू नका. कॅलिफोर्नियात ७९ शाळांतल्या सुमारे २८ हजार मुलांवर झालेल्या चाचणीत, घरी बीएमआय कळवल्याने मुलांच्या वजनात काही फरक पडला नाही. उलट शाळेत वजन होऊ लागल्यावर मुलांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान मात्र घटलं. निकाल २०२१ साली आले. नुसतं मोजून घरी कळवणं हे सरकारी काम दिसायला सोपं आणि खर्चाला हलकं, म्हणून ते आधी होतं.

आता घरात काय करायचं. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘बिस्किटांचा डबा मी कपाटावर ठेवतो आणि त्याला रोज मोजून दोन देतो.’ फिशर आणि बर्च या संशोधक बायकांनी १९९९ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. खाऊ पारदर्शक बरणीत, टेबलाच्या मध्यभागी, मुलांना दिसेल असा, पण हात लावायचा नाही. मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलायला लागली, तोच मागायला लागली, मिळवायच्या युक्त्या काढायला लागली. तुमचा कपाटावरचा डबा म्हणजे तीच बरणी. घरात आणून लपवण्यापेक्षा आणूच नका. दुकानात दिलेला एक नकार पुरतो. घरात आणलेल्या डब्यासाठी रोज संध्याकाळी नकार द्यावा लागतो, आणि दमलेला माणूस संध्याकाळी हरतो. मीही हरतो.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी घरातल्या कामाची एक वाटणी सांगितली आहे, तिच्याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. वाढलेल्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. बहुतेक घरांत नेमकं उलटं चाललेलं असतं. ‘काय हवं तुला?’ असं मुलाला विचारतात, आणि मग ‘ताट संपव’ म्हणून मागे लागतात. भूक भागली हे ओळखायची मुलाची जी जन्मजात समज असते, ती ताट संपवायला लावून लावून आपणच बोथट करतो.

पेयांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. ३३० मिलिलिटरच्या गोड पेयाच्या एका डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, सात-आठ चमचे. वरून घातलेल्या आणि फळांच्या रसातल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. नऊ वर्षांच्या मुलासाठी ते साधारण ४० आणि २० ग्रॅम होतात. एक डबा, की दिवसाचा हिशेब जवळपास संपला. आणि पोट भरल्यासारखंही वाटत नाही, कारण प्यायलेले उष्मांक भूक मोजत नाही. घरात तहानेला पाणी. पाहुणे आले तरी पाणी. हा नियम सगळ्यांना. वडिलांच्या हातात बाटली आणि मुलाच्या हातात पाणी, असं चालत नाही.

झोपेबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास लागतात. माझ्याकडे येणारी बरीच मुलं अकराला झोपतात आणि सहाला उठतात. झोप कमी झाली की भूक वाढते, ओढ गोडाकडे जाते, खेळायचा उत्साह राहत नाही. टीव्ही-मोबाइलचा पडदा झोपायच्या खोलीबाहेर गेला, एवढ्यानेही काही घरांत फरक पडलेला मी बघितलाय. व्यायामाचं म्हणाल तर रोज तासभर अंगमेहनतीचा खेळ हवाच, पण धावून वजन उतरेल या आशेवर राहू नका.

इतकं सगळं सांगूनही मी वहिनींना विजयी का ठरवलं? इंग्लंडमध्ये २००६ पासून दरवर्षी शाळकरी मुलांची वजनं घेतली जातात. शाळेत पहिल्यांदा येताना दहातलं एक मूल लठ्ठ असतं, प्राथमिक शाळा संपताना पाचातलं एकाहून जास्त. आणि सगळ्यात गरीब वस्त्यांत हे प्रमाण सधन वस्त्यांच्या दुपटीहून जास्त. गरीब आईला मूल कमी प्रिय असतं का? दोन पाळ्यांत काम करणाऱ्या माझ्या एका रुग्णाच्या आईला मी आहाराचा तक्ता दिला होता. तिने तो नीट वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “साहेब, हे सगळं पटतंय. पण हे करायला घरी कोण असतं?” त्यानंतर तक्ता देण्याआधी मी घरी कोण असतं हे विचारायला लागलो. इतकी वर्षं आधी विचारलं नव्हतं, हे मला अजून खुपतं.

तुम्ही म्हणता सरकारने स्वयंपाकघरात नाक खुपसू नये. पण तुमच्या मुलाला ज्या पाकिटावरचं कार्टून नावानिशी माहीत आहे, ते पाकीट बनवणारा तुमच्या स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसलाय. त्याला बाहेर काढायची ताकद तुमच्यात नाही, माझ्यात तर नाहीच. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०१६ साली काढलं. साखर, मीठ, उष्मांक किंवा घातक चरबी जास्त असलेल्या पाकिटावर काळा अष्टकोन, ‘हे जास्त आहे’ असं ठळक लिहिलेला. अशा पाकिटांवर मुलांना भुलवणारी कार्टूनं बंद. शाळेत विक्री बंद. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायलाच १९८० पासून बंदी आहे. यात कोणाच्या ताटातला घास हिसकावलाय?

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ब्रिटनच्या गोड पेयांवरच्या कराचं. जाहीर केला मार्च २०१६ मध्ये, लागू झाला एप्रिल २०१८ मध्ये. सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नव्हता, ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स होता, ८ आणि त्यावर २४ पेन्स. गंमत त्या मधल्या दोन वर्षांत आहे. कर वाचवायला कंपन्यांनी स्वतःच पाककृती बदलल्या आणि कर सुरू व्हायच्या आधीच बाटल्यांतली साखर खाली आली. एकाही आईला एकाही मुलाशी भांडावं लागलं नाही. पुढे केलेल्या अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधल्या लठ्ठपणात अपेक्षेच्या तुलनेत ८ टक्के घट दिसली. मुलग्यांत दिसली नाही, लहान वयातही नाही. म्हणजे जादू नाही, पण एका कराने एवढं होणं थोडं नाही. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून लिटरला एक पेसो कर लावला, तिथे अशा पेयांची खरेदी पहिल्या वर्षी साडेपाच आणि दुसऱ्या वर्षी पावणेदहा टक्क्यांच्या आसपास घटली.

सरकारं चुकतातही. डेन्मार्कने २०११ साली लोणी-मांसासारख्या पदार्थांतल्या संपृक्त चरबीवर कर लावला, लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करायला लागले आणि जानेवारी २०१३ मध्ये तो गुंडाळावा लागला. कर कशावर लावता, त्यातून पळवाट किती सोपी, आणि बनवणाऱ्याला माल सुधारायला वाव ठेवला की नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

कायद्याच्या भाषेत ही वाटणी नवी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १८वं कलम म्हणतं, मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी आईवडिलांची, आणि ती पार पाडायला त्यांना योग्य ती मदत करणं हे राज्याचं काम. पहिली तुमची, मदत त्यांची. मदत न करता नुसता जाब विचारणारं सरकार मला तितकंच खोटं वाटतं, जितका सगळं सरकारवर ढकलून स्वतः रोज बाटल्या आणणारा बाप.

पालकांवर कायद्याने हात टाकायची वेळ कधीच येत नाही, असंही नाही. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१० साली मांडलेली मर्यादा मला पटते: मूल लठ्ठ आहे किंवा उपचाराने वजन उतरलं नाही, एवढ्यावरून आईवडिलांना दोषी धरायचं नाही. पण मुलाला धोका आहे, मदत दारात आली आहे, आणि ती घेण्याला पालक सतत नकार देत आहेत, तर ती हेळसांड. असं घर मी इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलंय. औषधं आणि शस्त्रक्रियेचा विषय साधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षानंतरचा आहे, आणि शस्त्रक्रिया तर गंभीर लठ्ठपणातच. तुम्हाला आज त्याची गरज नाही.

तुमच्या मुलाचं म्हणाल, तर तुम्ही दिलेली उंची १३५ सेंटिमीटर आणि वजन ३८ किलो धरून बीएमआय २०.९ येतो. लठ्ठपणाच्या रेषेच्या किंचित वर. आता हे बघा: पुढच्या वर्षभरात तो साडेपाच सेंटिमीटर वाढला आणि वजन ३८ वरच राहिलं, तर बीएमआय १९.३ होतो, आणि दहाव्या वर्षाची लठ्ठपणाची रेष साधारण २१.४ वर आहे. एक किलोही न उतरवता तो त्या रेषेच्या बराच खाली येतो. म्हणून ‘डाएट’ हा शब्द घरात उच्चारू नका, आणि त्याला उपाशी तर मुळीच ठेवू नका. उंची त्याचं काम करते आहे, तिला वेळ द्या.

डॉक्टरांकडे मात्र जा. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली आहे का, ते आज अंघोळीनंतर बघा. मळ समजून घासत बसू नका, ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. तो रात्री मोठ्याने घोरतो का, झोपेत श्वास अडतो का, हे एक रात्र जागून ऐका. मांडी किंवा गुडघा दुखून लंगडत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. अशा मुलांत कधीकधी मांडीच्या हाडाचं डोकं खुब्यात घसरतं आणि दुखतं मात्र गुडघ्यात. वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबली आहे, असं असेल तर संप्रेरकांची तपासणी लागते. आणि जाताना लसीकरणाची जुनी पुस्तिका घेऊन जा. तिच्यात कोपऱ्यात लिहिलेली पहिल्या पाच वर्षांची वजनं आणि उंच्या असतील, तर डॉक्टरांना त्याची सगळी रेष काढता येईल. बऱ्याचदा घरच्यांना जे आठवत नसतं, ते त्या रेषेत दिसतं.